घरच्या बागेसाठीं वनस्पतिग्रंथ कोणता घ्यावा ?

गृहस्थाच्या घरीं पंचांग असतें, शब्दकोश असतो, घरगुती औषधांचें एखादें जुनें पुस्तकही असतें. परंतु अंगणांत व परसांत जीं पंधरा-वीस झाडें नित्य डोळ्यांपुढें उभीं असतात, त्यांच्याविषयीं कांहीं विचारावयाचें झाल्यास नेमका हात घालावा असा ग्रंथ क्वचितच कोणाच्या फडताळांत सांपडतो. सांपडला तरी तो वेळेवर उपयोगीं पडेलच असें नाहीं. गेल्या वर्षीं ही गोष्ट आम्हांस अशा रीतीनें कळून आली कीं, तेव्हांपासून फावल्या वेळाचा पुष्कळसा भाग आम्हीं हाच एक प्रश्न सोडविण्यांत घालविला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण आमच्यासारखीं कुटुंबें खानदेशांत व बाहेरही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याही अंगणांत मुलें खेळतात.

आमचें कुटुंब एकच, पण घरें दोन : एक जळगांवास आणि दुसरें धुळ्यास, देवपुरांत. दसऱ्याच्या सुटींत आम्ही सर्व धुळ्यास जमलों होतों. दुपारच्या वेळीं परसाच्या कुंपणाशीं खेळतां खेळतां आमच्या सहा वर्षांच्या नातवानें आणि शेजारच्या एका मुलानें कसल्याशा झाडाचीं फळें फोडून आंतलें बी खाल्लें. तें बदामासारखें गोड लागलें, असें मागाहून त्यांनींच सांगितलें. तासाभरांत दोघांसही वांत्या सुरू झाल्या. रुग्णालयांत नेल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच : "बी कोणत्या झाडाचें ?" आमच्यापैकीं कोणी तरी म्हणालें, "एरंडाचें." तेव्हां डॉक्टर म्हणाले, "साधा एरंड कीं मोगली एरंड ? कीं पिवळ्या कण्हेरीची बिट्टी ? मास्तर, हीं तीन निराळीं विषें आहेत. तिसरें तर थेट हृदयावर जातें. झाड कोणतें तें मला कळलें पाहिजे."

आम्हीं निरुत्तर होऊन खालीं पाहिलें. ज्यानें आयुष्यभर मुलांकडून अमरकोश पाठ करून घेतला, ज्याला एरंडाचीं गंधर्वहस्तक, पंचांगुल आदि नांवें झोपेंतून उठवून विचारलीं तरी सांगतां येतात, त्याला आपल्याच कुंपणांतलें झाड कोणतें हें सांगतां येईना. आणि खरी लाजेची गोष्ट पुढेंच आहे. एरंडाचीं हीं दोन्ही नांवें त्याच्या पानावरून पडलेलीं आहेत. एरंडाचें पान पसरलेल्या पंजासारखें, खोल बोटांचें व दांतेरी कडांचें असतें, आणि त्याचें फळ बहुधा मऊ कांट्यांचें असतें. मोगली एरंडाचें पान हृदयाकृति व उथळ कोनांचें, आणि फळ गुळगुळीत. म्हणजे आमच्या पूर्वजांनीं ओळखण्याची खूण नांवांतच बांधून ठेविली होती. आम्हीं नांव घोकलें आणि पान कधीं पाहिलें नाहीं.

इकडे घरीं सूनबाईंनीं कपाटांतला वनस्पतींचा मोठा थोरला परदेशी ग्रंथ काढला. आमच्या एका भाच्यानें तो हौसेनें भेट दिला होता. हजारांवर पानें, रंगीत चित्रें, गुळगुळीत कागद ! परंतु त्यांतली सगळी मांडणी लॅटिन नांवांच्या अनुक्रमानें. ज्याला लॅटिन नांव ठाऊक त्यालाच तो उघडतां यावा, आणि ज्याला तें ठाऊक आहे त्याला त्या घटकेस ग्रंथाची गरजच काय ? सूनबाई पानें उलटीत होत्या, तोंवर आमच्या ऐंशी वर्षांच्या वहिनींनीं परसांत जाऊन त्या झाडाची पान-फळांसह एक डहाळी मोडली, ओल्या फडक्यांत गुंडाळली आणि पुतण्याबरोबर रिक्षानें रुग्णालयांत पाठवून दिली. सोबत निरोप : "ही चंद्रज्योत आहे म्हणावें. लहानपणीं आम्ही हिच्या बिया काडीला ओवून दिव्यासारख्या जाळीत असूं." चंद्रज्योत म्हणजेच मोगली एरंड. डहाळी पाहतांच डॉक्टरांची खात्री पटली. मुलांना रात्रभर सलाइनवर ठेविलें, आणि दुसऱ्या दिवशीं दोघेही हंसत घरीं आले.

त्या रात्रीं सूनबाई आम्हांस म्हणाल्या, "मामंजी, झाडांचा असा एक ग्रंथ सांगा, ज्यांत सगळें असेल आणि जो मला उघडतां येईल." या लेखाचा विषय तो हाच. या मागणींतला पहिला भाग अवघड आहे आणि दुसरा भाग खरा महत्त्वाचा आहे, हें समजावयास आम्हांस वर्ष लागलें.

'सगळें असलेला' ग्रंथ हा शब्द मोठा मोहक आहे. असे ग्रंथ जगांत आहेत. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा १९९६ सालीं निघालेला कोश पंधरा हजारांवर बागाइती वनस्पतींची माहिती देतो, आणि त्या देशांतील बागवानाला तो कल्पवृक्षासारखा आहे यांत संशय नाहीं. परंतु तेथला बागवान झाडाला पहिला प्रश्न विचारतो तो थंडीचा : हें बर्फांत तगेल कीं नाहीं ? अमेरिकेंतही प्रदेशांचे जे पट्टे पाडले आहेत ते हिवाळ्यांतील किमान तापमानावरून. आमच्या खानदेशांत प्रश्न नेमका उलटा. पौषांत धुळ्यास पारा सहा-सात अंशांवर उतरतो खरा, पण झाडें त्यानें मरत नाहींत. मरतात तीं वैशाखांत, जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढें जातो तेव्हां. 'भरपूर ऊन द्यावें' असें त्या ग्रंथांत लिहिलेलें असतें, तें ऊन इंग्लंडांतलें. आमच्या गच्चीवरचें नव्हे. 'वसंतांत लावावें' हेंही वाक्य तसेंच. आम्हीं एके वर्षीं तें अक्षरशः मानून चैत्रांत सहा रोपें लाविलीं. अक्षय्य तृतीयेपर्यंत सहाही करपून गेलीं. येथें रोप लावावयाचें तें मृगाचा पाऊस झाल्यावर, आणि काळ्या जमिनींत पाणी तुंबणार नाहीं अशा बेतानें. हें कोणत्याही परक्या ग्रंथांत मिळणार नाहीं.

परका म्हणजे विलायतीच असें मात्र नव्हे. फर्मिंजर नांवाच्या पाद्री गृहस्थाचें बागकामावरील पुस्तक एकोणिसाव्या शतकापासून हिंदुस्थानभर वाचलें गेलें. पण तें मूळ बंगाल व उत्तरेकडील प्रांतांसाठीं लिहिलेलें. त्या मानानें पुण्याच्या गणेशखिंड बागेचे प्रमुख वुड्रो यांचें 'गार्डनिंग इन इंडिया' आपल्याला जवळचें. तथापि पुण्याची हवा ती जळगांवची हवा नव्हे. कोंकणांतल्या लेखकानें मोठ्या प्रेमानें शिफारस केलेलीं जायफळ, सुपारी यांसारखीं झाडें खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यांत जगविणें म्हणजे रोज नवा उपास सोडविणें होय. म्हणून ग्रंथ हातीं घेतल्यावर प्रथम लेखक कोठला व त्याची बाग कोठें होती हें पाहावें.

आतां नांवांचा प्रश्न. संस्कृताचा अभिमान आम्हांसही आहे. अमरकोशाच्या द्वितीय कांडांतला वनौषधिवर्ग, भावप्रकाश, राजनिघंटु हे आमच्या परंपरेचे संदर्भग्रंथच होत, आणि ज्यांच्या घरीं ते आहेत त्यांनीं जपून ठेवावेत. परंतु नुसत्या नांवावर विसंबणाऱ्याला ते फसवूं शकतात. 'पारिभद्र' हें नांव कोठें निंबाला लाविलेलें आहे, तर कोठें पांगाऱ्याला. 'पारिजातक' हेंही कित्येक ठिकाणीं पांगाऱ्याचेंच नांव आहे; अंगणांत पहाटे केशरी देंठांचीं फुलें सांडणारा आपला पारिजातक तो निघंटूंतली शेफालिका.

आजच्या बाजारांत तर घोटाळा याहून मोठा. बंगल्याच्या भिंतीशीं रांगेनें उभीं असलेलीं उंच, सरळ, लाटदार पानांचीं झाडें आपण 'अशोक' म्हणून लावितों. सीतेचा अशोक तो नव्हेच. खऱ्या अशोकाला नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात, आणि स्त्रियांच्या विकारांवर वैद्य ज्या सालीची योजना करितात ती त्याची. बाजारांत तिच्यांत दुसऱ्या झाडाची साल मिसळली जाते, ही वैद्यांची जुनी तक्रार आहे. दसऱ्यास आपटा म्हणून कांचनाचीं पानें वांटलीं जातात. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींत देवदार सांगितला आहे. हिमालयांतला देवदार धुळ्याच्या बाजारांत कोठून येणार? जुडींत जें हिरवें येतें तें आपण भक्तिभावानें वाहतों. देव भाव पाहतो, हें खरें. पण वैद्य आणि डॉक्टर पान पाहतात.

धुळ्याचें नांव निघालें म्हणून येथें एक आठवण सांगणें भाग आहे. समर्थ रामदासस्वामींच्या नांवावर 'बागप्रकरण' म्हणून एक छोटें प्रकरण आहे. बाग कशी करावी हें सांगतां सांगतां समर्थ त्यांत शेंकडों झाडां-वेलींचीं मराठी नांवें ओवींत गुंफून जातात. समर्थांच्या वाङ्मयाचे हस्तलिखित कागद ज्यांनीं गांवोगांव हिंडून जमविले ते शंकर श्रीकृष्ण देव धुळ्याचेच, आणि त्यांचें समर्थ वाग्देवता मंदिर आजही धुळ्यांत आहे. 'बागप्रकरण' वाचतांना दोन गोष्टी मनांत येतात. एक, तीनशें-साडेतीनशें वर्षांपूर्वीं मराठी माणसाच्या तोंडीं झाडांचीं केवढीं नांवें होतीं ! दुसरी, त्यांतल्या कित्येक नांवांचीं झाडें कोणतीं हें आज सांगतां येत नाहीं. कारण तेथें बहुतांशीं नांवेंच आहेत, लक्षणें नाहींत. नांवाशिवाय लक्षण सांपडत नाहीं आणि लक्षणाशिवाय नांव टिकत नाहीं. संदर्भग्रंथाला दोन्ही पाय हवेत.

या कामीं आमच्या पाहण्यांत आलेला उत्तम नमुना म्हणजे मराठी विश्वकोश. वाईहून त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. आतां तो सगळा संगणकावर व फोनवरही विनामूल्य वाचतां येतो. त्यांतील वनस्पतींच्या नोंदी पाहाव्या. आरंभींच कंसांत हिंदी, गुजराती, कानडी, संस्कृत, इंग्रजी अशीं नांवें, मग लॅटिन नांव व कुल, नंतर खोडापासून बीपर्यंत लक्षणें, आणि शेवटीं उपयोग. म्हणजे ज्याच्या तोंडीं जें नांव असेल त्यानें तो आंत येऊं शकतो. आम्हांस ग्रंथ पारखण्याची जी कसोटी सांपडली ती येथेंच : ग्रंथाची परीक्षा त्याच्या चित्रांवरून करूं नये, सूचीवरून करावी. खानदेशांत तर सूचीला आणखी एक ओझें वाहावें लागतें. आमच्याकडील अहिराणींत व गांवबोलींत 'ळ' चा 'य' होतो. केळीची 'केयी' होते, बाभळीची 'बाभूय' होते. घरीं कामाला येणाऱ्या बाई जें नांव सांगतात तेंही कोठें तरी लिहिलेलें असलें पाहिजे. कारण पुष्कळदां झाड ओळखणाऱ्या त्याच असतात.

खानदेशाच्या वनस्पतींचा शास्त्रीय ग्रंथ आहे काय ? आहे, आणि ही आनंदाची गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाहीं. प्रथम थिओडोर कुक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' (१९०१ ते १९०८) हा सगळ्यांचा आधार. कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनीं देशी नांवेंही पुष्कळ नोंदविलीं. त्यानंतर आपल्या काळांत, डॉ. डी. ए. पाटील यांचा धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरील ग्रंथ २००३ सालीं, आणि क्षीरसागर व पाटील यांचा जळगांव जिल्ह्यावरील ग्रंथ २००८ सालीं निघाला. नंदुरबार १९९८ सालीं धुळ्यापासून निराळा झाला, तेव्हां या दोन ग्रंथांत मिळून जुना सारा खानदेश येतो. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत कोणती वनस्पति कोठें आढळते हें त्यांत पाहावें. मात्र हे ग्रंथ इंग्रजींत व शास्त्रज्ञांसाठीं आहेत. गुलाबाची छाटणी केव्हां करावी हें ते सांगत नाहींत, आणि सांगूं नये हेंच योग्य. गृहस्थानें ते विकत घेण्याची आवश्यकता नाहीं. वाचनालयांत किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत जाऊन शंका निरसून यावी, जळगांवास व. वा. वाचनालय व धुळ्यास गरुड वाचनालय यांसारख्या संस्था आहेत, त्यांच्याकडे अशा ग्रंथांची मागणी वाचकांनींच नोंदवावी.

मराठींत औषधी वनस्पतींसाठीं डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'ओषधीसंग्रह' व शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'वनौषधिगुणादर्श' हे जुने परंतु भरींव ग्रंथ होत. वाचून माहिती करून घ्यावी, पाहून स्वतःवर प्रयोग करूं नयेत. वृक्षांसाठीं प्रा. श्री. द. महाजन यांचीं 'देशी वृक्ष' व 'विदेशी वृक्ष' हीं पुस्तकें घरांत असावींत. डॉ. शरदिनी डहाणूकर यांचीं 'फुलवा' व 'वृक्षगान' हीं कोश नव्हेत, पण मुलांना झाडांची गोडी लावावयाची असेल तर कोशाच्या आधीं तींच वाचून दाखवावीं. भाजीपाल्याच्या पेरणीच्या वेळा आपल्या हवामानाप्रमाणें हव्या असल्यास राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' कोणत्याही चित्रमय ग्रंथाहून अधिक कामाची.

तरीही दुकानांत नवा, जाडजूड ग्रंथ समोर आला म्हणजे मन भुलतें. अशा वेळीं आम्ही पुढील परीक्षा घेतों. घरून निघतांनाच दहा नांवें कागदावर लिहून न्यावीं : तुळस, दूर्वा, आघाडा, शमी, आपटा, पारिजातक, अशोक, मोगली एरंड, बिट्टी आणि गुंज. ग्रंथ उघडून प्रथम सूचींत हीं नांवें याच रूपांत सांपडतात कीं नाहीं हें पाहावें. सात सांपडलीं तर पुढें जावें. चारच सांपडलीं तर ग्रंथ आदरानें खालीं ठेवावा. मग शेवटचीं तीन नांवें काढून पाहावीं. तिन्हींचें बी विषारी आहे. तसें स्पष्ट, ठळक, पहिल्या दोन ओळींत लिहिलें आहे काय ? 'तेलासाठीं उपयुक्त' किंवा 'शोभेसाठीं उत्तम' एवढेंच लिहून जो लेखक पुढें गेला, त्याच्या घरांत लहान मूल नसावें असें समजावें. त्यानंतर अशोक काढावा. खरा व लौकिक असे दोन्ही वेगळे दाखविले आहेत काय? मग आपटा : नुसत्या फुलाचें चित्र आहे कीं पान, फळ व खोडही दाखविलें आहे ? फूल वर्षांतून कांहीं आठवडे असतें. झाड ओळखण्याचा प्रसंग उरलेल्या महिन्यांत येतो. शेवटीं तुळशीचें पान उघडून पाहावें. जें झाड आपल्याला पूर्ण ठाऊक आहे त्याच्याविषयीं लेखकानें काय लिहिलें, यावरून जीं ठाऊक नाहींत त्यांच्याविषयींच्या लिखाणाची किंमत कळते.

आवृत्तीचें सालही पाहावें. लॅटिन नांवें अचल असतात अशी आपली समजूत आहे, तसें नाहीं. लिनियसनें १७५३ सालीं नामकरणाचा पाया घातला, पण वर्गीकरण सुधारलें कीं नांवें बदलतात. आपल्या बाभळीला पुष्कळ वर्षें 'अकेशिया' म्हणत. २००५ सालच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत तें नांव ऑस्ट्रेलियांतील जातींसाठीं राखून ठेवण्याचें ठरलें, २०११ सालीं तें कायम झालें, आणि बाभूळ 'व्हॅचेलिया' झाली. म्हणून चांगला ग्रंथ नव्या नांवाबरोबर जुनेंही देतो. खानदेशांतल्या बांधावर मात्र ती बाभूळ होती ती बाभूळच आहे. घरच्या बोलींतलें नांव हें असें चिवट असतें.

हल्लीं मुलें फोन झाडासमोर धरितात आणि क्षणांत नांव उमटतें. त्याची थट्टा आम्ही करीत नाहीं. आम्हीही तो वापरतों. पण तें उत्तर म्हणजे हुशार विद्यार्थ्यानें ठोकलेला अंदाज समजावा. पुष्कळदां बरोबर, कधीं साफ चूक, आणि दोन्ही वेळीं सारख्याच आत्मविश्वासानें दिलेला ! त्यानें सांगितलेलें नांव घेऊन ग्रंथांत लक्षणें ताडून पाहावीं. खाण्या-पिण्याच्या बाबतींत तर ताडून पाहिल्याशिवाय एक पानही तोंडांत घालूं नये. आणि मुलानें कांहीं खाल्लेंच, तर ग्रंथ उघडीत न बसतां मुलाला घेऊन तत्काळ डॉक्टरांकडे निघावें. डहाळी कोणीं तरी मागून आणावी. वहिनींनीं केलें तेंच शास्त्र.

तेव्हां सूनबाईंना आमचें उत्तर असें : सगळें असलेला एक ग्रंथ नाहीं. झाडें ओळखावयास एक चांगलें मराठी पुस्तक, लागवडीला आपल्या हवामानाचें एक, अडलें तर विश्वकोश, आणि चौथी एक वही. ही वही बाजारांत मिळत नाहीं. ती घरांतच लिहावी लागते. आम्हीं गेल्या कार्तिकांत आरंभ केला. दर झाडाला एक पान. वर घरांतलें नांव, खालीं वहिनी सांगतील तें नांव, कामाच्या बाई सांगतील तें नांव, मग संस्कृत व लॅटिन. रोप कोठून आणलें, कोणत्या नक्षत्रावर लाविलें, पहिलें फूल केव्हां आलें. मेलें तर कशानें मेलें, हेंही. पानाला चिकटवून वाळविलेलें एक पान. विषारी असेल तर तांबड्या शाईनें एक ओळ.

कुंपणाची चंद्रज्योत आम्हीं तोडली नाहीं. ती वहिनींच्या आधींपासून तेथें आहे. तिच्यापुढें जाळी बसविली आणि नातवाकडूनच एक पाटी रंगवून घेतली. वहींतलें तिचें पानही त्यानेंच लिहिलें आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका त्यांत आहेत. त्या आम्हीं मुद्दाम दुरुस्त केल्या नाहींत. खालची तांबडी ओळ मात्र त्याच्याकडून दोनदां गिरवून घेतली.